पाठ, शोध आणि नाव : मराठीच्या वर्गातील समाजमाध्यमे व सहलेखनाची साधने (तळेगाव–रिद्धपूर परिसराच्या संदर्भात)

१. प्रश्नाचे स्वरूप

महाविद्यालयीन अध्यापनात समाजमाध्यमांचा आणि महाजालावरील सहलेखनाच्या साधनांचा वापर हा आता नवलाचा विषय राहिलेला नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे वर्ग बंद झाले, तेव्हा महाराष्ट्रातील असंख्य शिक्षकांनी व्हॉट्सॲपचा गट हाच वर्ग मानला. टिपणे, ध्वनिमुद्रिते, प्रश्नसंच आणि उपस्थितीची नोंद हे सारे त्या गटातून होऊ लागले. साथ ओसरली, वर्ग पुन्हा भरले. गट मात्र राहिले. त्याआधीच परितेवाडी (ता. माढा, जि. सोलापूर) येथील जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेतांची जोड दिली होती. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला आणि ग्रामीण मराठी शाळेतील तंत्रप्रयोगांची दखल जगभर घेतली गेली.

या प्रयोगांची जी चर्चा झाली, ती बव्हंशी पोचवण्याच्या अंगाने झाली. पाठ किती विद्यार्थ्यांपर्यंत गेला, किती लवकर गेला, किती स्वस्तात गेला, हे तिचे प्रश्न होते. ते महत्त्वाचे आहेतच. परंतु साहित्याच्या अध्यापकाचा प्रश्न तेथे संपत नाही. गणिताचे सूत्र कोणत्याही मार्गाने पोचले तरी सूत्रच राहते. कविता, ओवी, म्हण किंवा लीळा मात्र हातोहाती जाताना बदलते, तिचा कर्ता गळून पडतो, कधी तिला दुसराच कर्ता चिकटतो. साहित्याचा वर्ग ज्या साधनाच्या आधारे चालतो, ते साधन संहितेचे काय करते, हा या विषयाचा गाभा आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट परिसराच्या संदर्भात केला आहे. तळेगाव (श्यामजी पंत) हे वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील, नागपूर–अमरावती महामार्गावरील गाव. भोवताली संत्र्याचे आणि कापसाचे शिवार, बोली वऱ्हाडी. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. त्या बाजूला रुक्मिणीचे माहेर मानले गेलेले कौंडण्यपूर, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी आणि मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर ही स्थाने आहेत. यांपैकी रिद्धपूरचा संबंध प्रस्तुत विषयाशी सर्वांत निकटचा आहे. मराठीतील आद्य गद्य ग्रंथ म्हणून मान्यता पावलेले ‘लीळाचरित्र’ याच परिसरात आकाराला आले, आणि ते अनेकांच्या आठवणींतून, अनेकांच्या तपासणीतून सिद्ध झालेले आहे. सहलेखनाची जी साधने आज नवी म्हणून वर्गात येतात, त्यांच्या मूल्यमापनाचे निकष या परिसराच्या वाङ्मयीन परंपरेत आधीच उपलब्ध आहेत, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२. म्हाइंभटांची संकलनपद्धती

चक्रधरस्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर त्यांचे अनुयायी रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात एकत्र आले. स्वामींच्या आठवणी सांगणारी माणसे हयात होती, पण ती कायम राहणार नव्हती. म्हाइंभटांनी या आठवणी लिहून ठेवण्याचे मनावर घेतले आणि नागदेवाचार्यांच्या संमतीने ते कार्य आरंभिले. इ.स. १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले, असे सामान्यतः मानले जाते. या कार्याची पद्धत परंपरेने जतन केलेली आहे. ज्याने प्रसंग पाहिला त्याच्याकडे जावे, त्याच्या तोंडून तो ऐकावा, आणि मिळालेली लीळा आचार्यांकडून पारखून घ्यावी, अशी ती पद्धत होती. महदाइसेसारख्या प्रश्न विचारणाऱ्या, प्रसंगांच्या साक्षी असलेल्या स्त्रियाही या स्मरणकार्यात होत्या. ग्रंथात स्थळांचे आणि व्यक्तींचे जे निर्देश विपुल आढळतात, ते या पद्धतीचे फळ होय.

पुढे घडले ते अधिक बोधप्रद आहे. परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, असे पंथीय परंपरा सांगते. ज्यांनी ग्रंथ मुखोद्गत केला होता, त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा करण्यात आला. अर्थातच सर्वांचे स्मरण सारखे नव्हते. हिराइसा, रामेश्वरबास, परशरामबास अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पाठपरंपरा निर्माण झाल्या. येथे संकलनकारांनी एक असाधारण निर्णय घेतला. भिन्न पाठांपैकी एक ठेवून बाकीचे टाकून देण्याऐवजी त्यांनी भिन्न पाठ ‘शोध’ किंवा ‘वासना’ म्हणून, अनेक ठिकाणी संबंधिताच्या नावासह, नोंदवले. एका प्रसंगाचे एकाहून अधिक कथन वाचकासमोर येते आणि कोणते कथन कोणाचे, हेही कळते.

आधुनिक काळात ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते या संपादकांनी या ग्रंथाच्या आवृत्त्या सिद्ध केल्या. हस्तलिखितांतील हे भेद हाताशी नसते, तर त्यांच्या पाठचिकित्सेला आधारच राहिला नसता. सहलेखनाच्या दृष्टीने या परंपरेतून तीन तत्त्वे निष्पन्न होतात. पहिले, प्रत्येक कथनाला उगम असावा. दुसरे, कथन करणाऱ्याचे आणि दुरुस्ती करणाऱ्याचे नाव टिकावे. तिसरे, मतभेद पुसला जाऊ नये, तो नोंदला जावा. वर्गात वापरावयाच्या कोणत्याही साधनाला हे तीन प्रश्न विचारता येतात: उगम दिसतो काय? नाव टिकते काय? भेद नोंदवता येतो काय?

३. व्हॉट्सॲपचा गट : वहन आणि विस्मरण

व्हॉट्सॲपच्या गटाची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. तासाची वेळ बदलली, परीक्षेचा अर्ज भरावयाचा राहिला, एखाद्या पुस्तकाचे पृष्ठ तातडीने हवे आहे, अशा कामांसाठी त्याच्याइतके सोयीचे साधन नाही. विद्यार्थ्यांच्या घरोघरी ते आधीच पोचलेले असते, त्यासाठी वेगळे शिकावे लागत नाही.

परंतु संहितेचे वाहक म्हणून त्याची परीक्षा केली, तर तिन्ही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी येतात. संदेश पुढे पाठवला की मूळ लिहिणाऱ्याचे नाव त्याच्यासोबत जात नाही. जुलै २०१८ मध्ये अफवांमुळे झालेल्या हत्यांच्या पार्श्वभूमीवर कंपनीने भारतात संदेश पुढे पाठवण्यावर मर्यादा घातली आणि पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. ही खूण बारकाईने पाहण्याजोगी आहे. मजकूर दुसरीकडून आला एवढेच ती सांगते. कोठून आला, हे सांगत नाही. मधल्या कोणी ओळ बदलली असेल, कडवे गाळले असेल, शेवटी दुसऱ्याचे नाव जोडले असेल, तर त्याचा कोणताही माग उरत नाही.

परिणाम सर्वांच्या परिचयाचा आहे. पु. ल. देशपांडे, व. पु. काळे, कुसुमाग्रज यांच्या नावांवर त्यांनी न लिहिलेला मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. २७ फेब्रुवारीला, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनी, त्याला विशेष भरती येते. ज्यांच्या जन्मदिनी हा दिवस साजरा होतो, त्या कवीच्याच नावावर परक्या ओळी वाचल्या जातात. याच्या उलट प्रकार अधिक क्लेशदायक आहे. हयात, फारशा परिचित नसलेल्या कवीची कविता ‘अज्ञात’ म्हणून किंवा थोर कवीची म्हणून फिरते आणि मूळ कर्त्याला आपल्याच ओळींवरील हक्क सिद्ध करावा लागतो. नाव गळण्याची ही हानी अखेर माणसाची हानी असते.

दुसरी मर्यादा टिकाऊपणाची. गटातील चर्चा बाहेरच्या अभ्यासकाला सापडत नाही, आणि भ्रमणध्वनी हरवला किंवा गट मोडला की ती बहुधा नष्ट होते. एखाद्या पदव्युत्तर वर्गाने दोन वर्षे केलेली कवितेची चर्चा पुढच्या तुकडीच्या हाती लागत नाही. महानुभावांच्या सकळ लिपीने पंथाचे वाङ्मय जपले, पण कित्येक शतके ते बाहेरच्या वाचकापासून दूरही ठेवले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लिपीची उकल झाल्यावर मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला नवा आरंभ मिळाला. बंद गटातील ज्ञानाची अवस्था याहून नाजूक असते. लिपीची उकल तरी करता येते; पुसलेल्या संदेशाची करता येत नाही.

म्हणून व्हॉट्सॲपचा गट दवंडीसाठी वापरावा, पोथीसाठी वापरू नये, असा साधा विवेक करता येईल. गटात कविता टाकावयाचीच असेल, तर कवीचे नाव, संग्रहाचे नाव, आवृत्ती आणि पृष्ठ यांसह टाकावी, हा नियम अध्यापकाने प्रथम स्वतः पाळावा. याच दोषाचे वर्गातील अभ्यासात रूपांतरही करता येते. गटात आलेली एखादी कविता घ्यावी, ग्रंथालयातून त्या कवीचे संग्रह आणवावेत, ओळ सापडते का पाहावे. सापडली तर छापील पाठ आणि फिरता पाठ समोरासमोर ठेवून शब्द, विरामचिन्हे, कडव्यांचा क्रम यांतील भेद मांडावेत. सापडली नाही तर कोणते संग्रह, कोणत्या आवृत्त्या पाहिल्या, याची नोंद करावी. पाठचिकित्सेचे प्राथमिक धडे देण्यास याहून सुलभ सामग्री मिळणे कठीण.

४. मुद्रित संहिता : विकिपीडिया व विकिस्रोत

मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. विद्यार्थी त्याचा वापर उतारे काढण्यासाठी करतात आणि अध्यापक त्याकडे संशयाने पाहतात, ही सर्वसाधारण स्थिती आहे. दोघेही बहुधा त्याचे दर्शनी पानच पाहतात. प्रत्येक लेखामागे ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ अशी आणखी दोन पाने असतात. कोणत्या दिवशी, कोणत्या सदस्यनामाने, कोणता शब्द घातला वा काढला, हे इतिहासाच्या पानावर क्रमाने राहते. जुनी आवृत्ती पुन्हा पाहता येते. मतभेद चर्चेच्या पानावर मांडले जातात. आधार नसलेल्या विधानापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण करता येते. तेराव्या शतकातील ‘शोध’ या नोंदीशी या यंत्रणेचे नाते सहज लक्षात येते.

साम्याबरोबर भेदही लक्षात ठेवला पाहिजे. हिराइसेचे नाव हे प्रत्यक्ष व्यक्तीचे, पंथाला परिचित असलेल्या स्मरणाचे नाव होते. विकिपीडियावरील सदस्यनाम टोपणनाव असू शकते; त्यामागील व्यक्तीचा अधिकार कळत नाही. म्हणूनच तेथे व्यक्तीच्या अधिकारापेक्षा प्रकाशित संदर्भाला महत्त्व दिले जाते आणि मूळ संशोधन थेट मांडण्यास मज्जाव असतो. एम.ए.च्या विद्यार्थ्यासाठी ही मर्यादाच शिक्षण ठरते. एखाद्या कवीवरील अपुऱ्या लेखात चार परिच्छेदांची भर घालावयाची आणि प्रत्येक विधानाला छापील आधार द्यावयाचा, हे काम दिले, तर स्वतःचे मत, ऐकीव माहिती आणि प्रमाणित माहिती यांतील अंतर त्याला हाताने अनुभवता येते.

साहित्याच्या वर्गाला विकिपीडियापेक्षाही अधिक उपयुक्त असे साधन म्हणजे विकिस्रोत. तेथे स्वामित्वहक्कातून मुक्त झालेल्या पुस्तकांच्या पानांची छायाचित्रे एका बाजूला आणि टंकलिखित मजकूर दुसऱ्या बाजूला असतो. तपासणीच्या टप्प्यांना रंग दिलेले आहेत: न तपासलेले पान तांबडे, एकाने तपासलेले पिवळे, दुसऱ्याने पुन्हा पडताळलेले हिरवे. ज्याने पान पिवळे केले त्यालाच ते हिरवे करता येत नाही. एका स्मरणावर न विसंबता ते दुसऱ्याकडून पारखून घेण्याची रिद्धपूरची शिस्त येथे यंत्राच्या नियमातच बांधलेली आहे.

या कामात मराठीच्या विद्यार्थ्यापुढे काही खास अडचणी उभ्या राहतात आणि त्याच शिकण्याच्या जागा होत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांत आज न लिहिले जाणारे अनुस्वार विपुल असतात. विद्यार्थ्याचा हात ते गाळू लागतो; भ्रमणध्वनीतील कळफलक शब्द आपोआप ‘सुधारतो’. लेखनिकाने आपल्या काळाप्रमाणे पोथी सुधारावी आणि मूळ पाठ हरवावा, हा हस्तलिखितांच्या अभ्यासातील जुनाच दोष होय. तो दुसऱ्याच्या पोथीत शोधण्यापेक्षा स्वतःच्या हातून घडताना पाहिला की पाठसंपादनाचा सिद्धांत वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा ‘ऱ’ नीट न उमटल्यामुळे होणारे ‘दुसर्या’ हे रूपही याच प्रकारचे. अनेक अध्यापकांची जुनी टिपणे कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या टंकांत अडकलेली आहेत. युनिकोडमध्ये आणल्याखेरीज ती सामायिक दस्तऐवजात वाचता येत नाहीत. हेही लिप्यंतराचेच कार्य आहे.

स्वामित्वहक्काचा विचार येथे अपरिहार्य ठरतो. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रकाशित साहित्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. जोतीराव फुले (मृ. १८९०), केशवसुत (मृ. १९०५), बालकवी (मृ. १९१८), लक्ष्मीबाई टिळक (मृ. १९३६) यांचे त्यांच्या हयातीतील प्रकाशित लेखन त्यामुळे मुक्त आहे. तळेगावच्या परिसरात घरोघरी ज्यांची भजने म्हटली जातात, त्या तुकडोजी महाराजांचे महानिर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. या हिशेबाने मुदत २०२८ च्या अखेरीस संपते, आणि तोवर परवानगीची खातरजमा करूनच त्यांचे साहित्य चढवता येईल. हयात कवीचा संपूर्ण संग्रह छायाचित्रे काढून गटात टाकणे ही तर सरळच हक्कभंगाची कृती होय, मग हेतू कितीही शैक्षणिक असो.

५. मौखिक सामग्री : सामायिक तक्ता आणि ध्वनिमुद्रण

विकिपीडियाचे दार मौखिक साक्षीला बंद असते. छापील आधार नसलेला वऱ्हाडी शब्द वा ओवी तेथे मांडता येत नाही. मराठीच्या ग्रामीण वर्गाची खरी श्रीमंती मात्र बहुतांशी मौखिक आहे. म्हणून दुसऱ्या प्रकारच्या साधनाची गरज भासते.

या बाबतीत एक भक्कम मराठी पूर्वोदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, सहकाऱ्यांच्या साहाय्याने, महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या महाजालीय संग्रहावर त्या क्रमाने प्रसिद्ध होत आल्या आहेत. तेथे ओवीसोबत गाणाऱ्या स्त्रीचे नाव आणि गाव दिलेले असते, अनेक ठिकाणी तिचा आवाज ऐकता येतो. ‘लोकसाहित्य हे अनामिक असते’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून इतके रुळले आहे की अनामिकता हा लोकसाहित्याचा गुणधर्म वाटावा. पुष्कळदा ती नोंद करणाऱ्याच्या हयगयीचा परिणाम असते. ओवीचा मूळ कर्ता कळत नसेलही. आज ती कोणी गायिली, कोणत्या गावी गायिली, कोणता शब्द बदलून गायिली, हे कळू शकते.

तळेगाव परिसरातील बी.ए. वा एम.ए.च्या वर्गाने याच धर्तीवर बोलीचा लहानसा संग्रह करावयाचे ठरवले, तर त्याला एक सामायिक तक्ता पुरेसा आहे. ‘वावर’, ‘धुरा’, ‘पऱ्हाटी’, ‘डवरा’, ‘बंडी’ हे शेतीतील शब्द, संत्र्याच्या बागेतील ‘आंबिया बहार’ व ‘मृग बहार’ यांभोवतीचे वाक्प्रयोग, लग्नातील व सणांतील गाणी अशी क्षेत्रे विद्यार्थ्यांनी वाटून घ्यावीत. तक्त्याचे रकाने पुढीलप्रमाणे असावेत: शब्द जसा ऐकला तसा, तो ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य, अर्थ, सांगणाऱ्याचे गाव, व्यवसाय व अंदाजे वय, नोंद करणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव, दिनांक, आणि शेवटी ‘शोध’. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. दुसऱ्या विद्यार्थ्याला त्याच शब्दाचा वेगळा अर्थ वा उच्चार मिळाला, तर त्याने पहिली नोंद पुसावयाची नाही. शोधाच्या रकान्यात आपल्या नावानिशी भर घालावयाची. नदीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गावांतील फरक, जुन्या व नव्या पिढीतील फरक अशा नोंदींतूनच दिसू लागतील. बोलीचा नकाशा मतभेदांतून तयार होतो.

नाव जपण्याचे तत्त्व आणि खाजगीपणाचा हक्क यांत येथे ताण उत्पन्न होतो. सांगणाऱ्याला आपले नाव हवे आहे की नको, हे त्यालाच विचारले पाहिजे. आवाज मुद्रित करण्यापूर्वी तो कोठे ऐकू येईल हे त्याला त्याच्या बोलीत समजावले पाहिजे. दूरध्वनी क्रमांक आणि घरचे तपशील सार्वजनिक तक्त्यात येता कामा नयेत. कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतात आणि त्यांच्या माहितीबाबत पालकांच्या संमतीची तरतूद २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे, याचेही भान ठेवावे लागेल. संमतीने दिलेले नाव हा सन्मान असतो, न विचारता छापलेले नाव ही आगळीक ठरते.

६. वंचितता आणि अध्यापकाची भूमिका

या साधनांवरील सर्वांत गंभीर आक्षेप वंचिततेचा आहे. एका घरात एकच स्मार्टफोन, तो दिवसभर वडिलांजवळ वा भावाजवळ; गावात संपर्क अधूनमधून जाणारा; मुलीच्या हाती फोन असण्यावरच नापसंती. अशा स्थितीत गटातील सहभागावर गुण ठेवले, तर ते गुण अभ्यासाला मिळत नाहीत, साधनसंपन्नतेला मिळतात.

येथेही परंपरेतील एक प्रसंग मार्गदर्शक आहे. केशिराजबासांनी संस्कृतात ग्रंथरचना करण्याचा मनोदय दाखवला, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना रोखले. पंथातील वृद्ध स्त्रिया त्यामुळे ज्ञानाला मुकतील, अशी त्यांची भूमिका ‘स्मृतिस्थळा’त नोंदलेली आहे. माध्यमाची निवड करताना सर्वांत प्रतिष्ठित वा प्रगत माध्यम कोणते, हा विचार त्यांनी केला नाही; सर्वांत दुबळ्या श्रोत्याला काय पेलेल, हा केला. वर्गातील साधनाची निवडही याच कसोटीवर व्हावी. वर उल्लेखिलेला तक्ता प्रथम कागदी वहीत लिहिता येतो. तीन-चार विद्यार्थ्यांच्या गटात एकाचाच फोन असला तरी नोंद चारही नावांनी होऊ शकते. महाविद्यालयाच्या संगणक-कक्षात आठवड्यातील एक तास ठरवून दिला की घरच्या फोनवरील अवलंबन उरत नाही. वहीतली नोंद आणि तक्त्यातली नोंद यांना समान गुण असावेत.

दुसरा आक्षेप श्रमांचा. गट म्हणजे रात्री अकरालाही उघडा असणारा वर्ग, अशी समजूत रूढ होत आहे. अध्यापक आणि विद्यार्थी दोघांनाही ती जाचक आहे. गटाची वेळ ठरवून ती पाळणे, हा शिस्तीचा आणि परस्पर आदराचा भाग मानावा.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. सामायिक दस्तऐवजात अध्यापकाने लिहिलेल्या वाक्याला हात लावण्यास विद्यार्थी धजत नाही. ‘सरांचे वाक्य कसे बदलावे’ ही त्याची भीती. परिणामी सहलेखनाच्या साधनात एकहाती लेखन होते आणि बाकीचे ‘छान’, ‘धन्यवाद सर’ असे लिहून मोकळे होतात. म्हाइंभटांच्या कार्यात नागदेवाचार्यांचे स्थान पारख करणाऱ्याचे होते. प्रसंग ज्याने पाहिला, त्याची साक्ष ते प्रमाण मानीत. वऱ्हाडी शब्दाच्या बाबतीत शेतात राबलेल्या विद्यार्थ्याच्या आजीचा अधिकार पुण्यामुंबईत शिकलेल्या अध्यापकाहून मोठा असतो, हे अध्यापकाने उघडपणे मान्य केले, आपल्याच टिपणातील एखाद्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण करण्यास विद्यार्थ्यांना सांगितले, तर सहलेखन खऱ्या अर्थाने सुरू होते. मूल्यमापनही त्याप्रमाणे बदलावे लागेल. दस्तऐवजाच्या इतिहासात प्रत्येकाची भर दिसते, त्यामुळे नुसते नाव लावून बसणारा विद्यार्थी ओळखता येतो. पण केवळ शब्दसंख्या मोजणे अन्यायाचे होईल. दुसऱ्याच्या नोंदीतील चूक साधार दाखवणारी एक ओळ चार परिच्छेदांहून मोलाची असू शकते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, तेव्हापासून या विचाराची निकड वाढली आहे. अशा यंत्राकडून मिळालेला निबंध व्याकरणदृष्ट्या बरा असतो. परंतु त्यातील विधान कोणाच्या साक्षीवर उभे आहे, हे त्या मजकुरावरून कळत नाही. फिरत्या संदेशातून नाव गळते, येथे ते आरंभापासूनच नसते. तयार निबंधाची मागणी करणाऱ्या वर्गाला याचा प्रतिकार करणे अवघड जाईल. टप्प्याटप्प्याने केलेल्या नोंदी, त्यांचे उगम आणि त्यांतील दुरुस्त्या मागणाऱ्या वर्गाला मात्र विद्यार्थ्याचे काम आणि यंत्राचे काम यांतील फरक दिसू शकतो.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, साहित्याच्या वर्गात एकच एक साधन सर्व कामांना योग्य ठरत नाही. साधनाची निवड सामग्रीच्या उगमावरून करावी. सूचना आणि संपर्क यांसाठी व्हॉट्सॲपचा गट पुरेसा आहे. मुद्रित संहितेसाठी विकिस्रोत आणि विकिपीडिया यांसारखी, तपासणीचा माग ठेवणारी, खुली साधने घ्यावीत. मौखिक सामग्रीसाठी नाव, गाव, दिनांक आणि शोध यांचे रकाने असलेला सामायिक तक्ता व संमतीने केलेले ध्वनिमुद्रण स्वीकारावे. तिन्ही ठिकाणी उगम, नाव आणि भेद यांचे जतन हीच कसोटी राहते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, आणि रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठाची स्थापना झाली आहे. या दोन्ही घटनांचा अभिमान बाळगताना एक गोष्ट विसरता येत नाही. मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथापासून मोजला जातो, तो हरवल्यावर पुन्हा उभा राहिला, कारण तो अनेकांच्या स्मरणात होता. आणि अभ्यासयोग्य राहिला, कारण कोणाचे स्मरण कोणते हे लिहून ठेवले गेले. नदीच्या अलीकडे, तळेगावच्या एखाद्या वर्गात आजीने सांगितलेला शब्द तिच्या संमतीने, तिच्या नावासह तक्त्यात लिहिला जाईल आणि शेजारच्या विद्यार्थिनीने त्यापुढे आपला ‘शोध’ मांडला असेल, तेव्हा तो वर्ग याच परंपरेचे काम पुढे नेत असेल.